गाभण व व्यालेल्या डुकरिणीचा खुराक : प्रथिनांचा खरा हिशेब

कोणत्याही जनावराच्या खुराकाचा विचार करतांना आपण शेतकरी बहुधा दोनच गोष्टी पाहतों : पोट भरलें कीं नाहीं, आणि खर्च किती झाला. गाईबैलांच्या बाबतींत एवढ्यावर कसेंबसें निभावतें; डुकरिणीच्या बाबतींत निभावत नाहीं. ती एका वेतास आठ-दहा पिलें देते, महिना दीड महिना त्यांना अंगावर पाजते, आणि दूध तोडल्यावर आठवड्याभरांत ती पुन्हा माजावर यावी अशी मालकाची अपेक्षा असते. ज्या जनावराकडून एवढी वसुली करावयाची, त्याच्या खातीं जमा काय पडतें हें पाहणें मालकाचें कर्तव्य आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नाहीं. माझी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली आणि २०२० सालीं मीं स्वेच्छेनें निवृत्ति घेतली. परंतु या विषयांत माझ्या हातून एक चूक घडली, तिची किंमत एका चांगल्या जनावराला द्यावी लागली, आणि ती चूक समजून घेण्याकरितां मला जो अभ्यास करावा लागला तो इतर शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडावा, म्हणून हा लेख लिहीत आहें.

घडलेली हकीकत

सावंतवाडी तालुक्यांत आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तेथें माझ्या पुतण्यानें लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या सहा डुकरिणी व एक नर पाळला आहे. गोवें जवळ असल्यामुळें मालास गिऱ्हाईक आहे. पुतण्या कष्टाळू, परंतु जमाखर्च ठेवण्याचा त्याला कंटाळा. निवृत्तीनंतर तें काम मीं आपल्याकडे घेतलें. प्रत्येक मादीचें स्वतंत्र पान घालून फळविल्याची तारीख, व्याल्याची तारीख, जिवंत पिलें, दूध तोडल्याची तारीख आणि पुन्हा माजावर आल्याची तारीख अशी नोंद सुरू केली.

२०२१ सालच्या पावसाळ्यांत सोयाबीनच्या पेंडीचा भाव इतका भडकला कीं, ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास परवानगी द्यावी लागली. आमच्या खर्चाच्या बाजूस सर्वांत मोठा आंकडा पेंडीचाच होता. मीं चौकशी केली तेव्हां असें दिसलें कीं, भुईमुगाच्या पेंडींतही प्रथिन शेंकडा ४५ च्या आसपास असतें, म्हणजे सोयाबीनच्या पेंडीइतकेंच. आणि भाव मात्र पुष्कळ कमी. मीं पुतण्यास सांगितलें, "प्रथिन तें प्रथिन. सोयाबीन बंद कर आणि तितकीच भुईमुगाची पेंड घाल." तो म्हणाला, "काका, हिशेब तुम्हांला कळतो. तुम्ही म्हणतां तसें करूं." त्या महिन्याच्या खर्चांत बचत दिसली आणि मला समाधान वाटलें.

पुढील तीन महिन्यांत नोंदवहीनें निराळीच गोष्ट सांगितली. पाजत्या माद्या झपाट्यानें रोड झाल्या. पाठीचा कणा व कमरेचीं हाडें वर आलीं. पिलें थानास लागून ओरडत राहत. दूध तोडल्यावर एरव्ही पांचव्या-सहाव्या दिवशीं माजावर येणाऱ्या सहांपैकीं तीन माद्या तीन आठवडे झाले तरी माजावर आल्या नाहींत. त्यांतली एक पहिलारू होती. पहिल्या वेतास तिनें दहा पिलें दिलीं होतीं. ती "भाकड निघाली" असें ठरवून आम्हीं ती खाटकास विकली. दुसरी पुढें फळली, पण तिला सातच पिलें झालीं. रोग म्हणावा तर ताप नाहीं, जुलाब नाहींत. अखेर पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं जनावरांपेक्षां खुराकाची पिशवी अधिक वेळ पाहिली आणि विचारलें, "पेंड कधीं बदललीत?" मीं वही उघडून तारीख दाखविली. व्याधि माझ्याच हस्ताक्षरांत लिहिलेली होती.

प्रथिन म्हणजे काय

प्रथिन हा एक पदार्थ नसून अनेक लहान घटकांची सांखळी आहे. या घटकांस अमिनो आम्लें म्हणतात. शरीरांतील प्रथिनें अशा सुमारें वीस आम्लांचीं बनलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं जनावर स्वतः तयार करूं शकतें. परंतु दहा-एक आम्लें अशीं आहेत कीं, तीं डुकराच्या शरीरास बनवितां येत नाहींत किंवा पुरेशीं बनवितां येत नाहींत. तीं खुराकांतूनच मिळालीं पाहिजेत. लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन हीं त्यांतील मुख्य होत.

गाईम्हशींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या पहिल्या पोटांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. ते हलक्या प्रतीच्या चाऱ्यांतूनही आपल्या शरीराचें चांगलें प्रथिन बनवितात, आणि तेंच पुढें पचून गाईस मिळतें. डुकराचें पोट एकेरी आहे. त्यास ही सोय नाहीं. म्हणून गोठ्यांतला अनुभव जसाच्या तसा डुकरांच्या वाड्यांत आणूं नये. या बाबतींत डुकर हें गाईपेक्षां कोंबडीच्या जवळचें आहे.

या आम्लांचा दुसरा नियम असा कीं, त्यांतील जें सर्वांत कमी पडेल तें बाकीच्यांचा उपयोग ठरवितें. लांकडी पिंपाच्या फळ्यांपैकीं एक फळी आंखूड असली तर पाणी तिच्या उंचीपर्यंतच राहतें. इतर फळ्या कितीही उंच असोत. धान्याच्या खुराकावर राहणाऱ्या डुकरिणीच्या पिंपांतली आंखूड फळी बहुधा लायसिनची असते. मका, ज्वारी, तांदूळ या सर्वांत लायसिन थोडें. हें फार पूर्वीं सिद्ध झालेलें आहे. अमेरिकेंत ऑस्बर्न व मेंडेल या दोन शास्त्रज्ञांनीं १९१४ च्या सुमारास उंदरांस मक्यांतलें मुख्य प्रथिन खाऊं घालून पाहिलें. उंदीर वाढेनात. त्यांत ट्रिप्टोफॅन घातलें तेव्हां ते तग धरून राहिले. आणि लायसिनही घातलें तेव्हां वाढूं लागले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अधिक लायसिन असलेला मका सांपडला. त्यावरून शेतांत टिकणारे वाण तयार करण्याच्या कामाबद्दल आपले सुरिंदर वासल व मेक्सिकोच्या एव्हांजेलिना व्हिलेगास यांना २००० सालचें जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. एका आम्लाच्या उणिवेचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल.

चूक कोठें झाली

आतां आमच्या दोन खुराकांचा ताळेबंद मांडतों. पाजत्या मादीच्या १०० किलो मिश्रणांत ५५ किलो मक्याचा भरडा, १८ किलो गव्हाचा कोंडा, २५ किलो पेंड आणि २ किलो क्षार व मीठ असें प्रमाण होतें. मक्यांत प्रथिन सुमारें शेंकडा ९ व लायसिन पाव टक्का. कोंड्यांत प्रथिन १४ टक्के व लायसिन ०.६ टक्का, सोयाबीनच्या पेंडींत प्रथिन ४५ टक्के व लायसिन २.८ टक्के, भुईमुगाच्या पेंडींत प्रथिन तितकेंच, परंतु लायसिन अवघें दीड टक्का.

सोयाबीनच्या मिश्रणाच्या १०० किलोंत मक्याचें १३७, कोंड्याचें १०८ आणि पेंडीचें ७०० मिळून सुमारें ९४५ ग्रॅम लायसिन होतें. भुईमुगाच्या मिश्रणांत मका व कोंडा तोच. पेंडीचें मात्र ३७५ ग्रॅम. एकूण सुमारें ६२०. प्रथिन दोन्हींत शेंकडा साडेअठराच्या वर, म्हणजे सारखेंच. लायसिन मात्र एक तृतीयांशानें घटलें. मीं एकूण रकमेची बेरीज जुळविली, आणि त्या रकमेंत कोणत्या नोटा आहेत तें पाहिलें नाहीं.

आतां मादीची गरज पहा. दहा पिलें असलीं व प्रत्येकाचें वजन रोज २०० ग्रॅम वाढावें अशी इच्छा असली, तर सर्व पिलांची मिळून रोजची वाढ २ किलो झाली. १ किलो वाढीस सुमारें ४ किलो दूध लागतें. म्हणजे मादीनें रोज ८ किलो दूध दिलें पाहिजे. डुकरिणीचें दूध गाईच्या दुधाहून दाट असतें. त्यांत प्रथिन शेंकडा ५ च्या वर असतें. एवढ्या दुधासाठीं खुराकांतून पिलांच्या दर किलो वाढीस सुमारें २६ ग्रॅम लायसिन लागतें असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. दोन किलोंस ५२. मादीच्या स्वतःच्या निर्वाहास २ ग्रॅम धरलें तर ५४.

आमची मादी रोज ५ किलो खात होती. सोयाबीनच्या मिश्रणांतून तिला सुमारें ४७ ग्रॅम मिळत. तूट ७ ग्रॅमांची. भुईमुगाच्या मिश्रणांतून ३१ ग्रॅम. तूट २३ ग्रॅमांची. पहिली तूट ती सोसूं शकते, दुसरी नाहीं. ही तूट भरून काढण्यास तिच्याजवळ दोनच मार्ग असतात. एक, दूध घटविणें. दुसरा, स्वतःचें मांस वितळवून त्यांतलें लायसिन दुधांत घालणें. एक किलो मांसांत फार तर १५ ग्रॅमांच्या आसपास लायसिन असतें, यावरून रोजचा ऱ्हास किती होत असेल तें समजावें. डुकरीण दोन्ही करते. आधीं ती स्वतःस झिजवून पिलांस पाजते, आणि तेंही पुरेनासें झालें म्हणजे दूध घटतें. मालकास दूध घटल्याचें दिसतें, परंतु तोंपर्यंत तिच्या अंगची शिल्लक संपलेली असते.

पुढच्या वेतावर परिणाम

ही झीज दूध तोडल्यानें संपत नाहीं. पाजण्याच्या काळांत मादीचें वजन दहाव्या हिश्श्याहून अधिक घटलें, तर माज लांबतो, कमी गर्भ धरतात व कांहीं टिकत नाहींत. याचें कारण असें कीं, पुढील वेताचीं अंडीं पाजण्याच्या शेवटच्या आठवड्यांतच वाढीस लागलेलीं असतात, आणि शरीर झिजत असतां त्या वाढीस लागणारे संदेश मंद पडतात. पहिलारू मादीस हा धोका सर्वांत अधिक. तिच्या शरीराची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते आणि भूकही मोठ्या मादीपेक्षां कमी असते. म्हणून पहिलें वेत चांगलें व दुसरें वाईट, ही तक्रार अनेक ठिकाणीं ऐकूं येते. अशी मादी भाकड नसते. ती कर्जबाजारी झालेली असते. आम्हीं विकलेली मादी भाकड नव्हती हें मला आज समजतें.

केव्हां किती द्यावें

पुढील आंकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारख्या मोठ्या, सुधारलेल्या जातीच्या मादीस लागू आहेत. गोव्याकडील अगोंदा गोवन यासारख्या लहान स्थानिक जातीस माप कमी लागेल; नियम मात्र तोच.

(१) गाभणपणाचे पहिले अडीच महिने. डुकरिणीचा गाभण काळ सुमारें ११४ दिवसांचा. म्हणजे १ जानेवारीस फळविलेली मादी २५ एप्रिलच्या सुमारास व्यावी. या पहिल्या काळांत गर्भ लहान असतात व गरज थोडी असते. रोज १० ते १२ ग्रॅम लायसिन पुरतें. ५० किलो मका, ३६ किलो कोंडा, १२ किलो सोयाबीनची पेंड व २ किलो क्षार-मीठ या मिश्रणाचे २ किलो दिले तर सुमारें साडेतेरा ग्रॅम मिळतें. या काळांत लाडानें अधिक चारूं नये. गाभणपणीं फाजील चरबी चढलेली मादी व्यातांना अडते आणि व्याल्यावर तिची भूक मंदावते.

(२) गाभणपणाचा शेवटचा महिना. पिलांची बहुतेक वाढ याच महिन्यांत होते, आणि थानांतील दुधाच्या गांठीही याच काळांत तयार होतात. आतां १६ ते १८ ग्रॅम लायसिन पाहिजे. वरील मिश्रणच पावणेतीन किलोंपर्यंत वाढविलें तर ही गरज भागते. पहिलारू मादीस या काळांत कमी पडूं देऊं नये.

(३) पाजण्याचा काळ. व्याल्याच्या दिवशीं थोडें देऊन पुढें रोज वाढवीत जावें, आणि आठवड्याच्या आंत मादी खाईल तितकें द्यावें. ढोबळ माप असें : मादीस २ किलो व दर पिलामागें अर्धा किलो. मिश्रणांत प्रथिन १६ ते १८ टक्के व लायसिन ०.९ ते १ टक्का असावें. काटकसर करावयाचीच असेल तर ती गाभणपणाच्या आरंभीं करावी. पाजत्या मादीच्या ताटांत करूं नये.

(४) उन्हाळा. जास्त प्रथिन दिलें म्हणजे जास्त चांगलें असेंही नाहीं. नको असलेलें प्रथिन जाळून शरीर तें मूत्रावाटे बाहेर टाकतें. त्यांत पैसा जातो, अंगांत उष्णता वाढते आणि वाड्यांत उग्र वास सुटतो. आपल्याकडील चैत्र-वैशाखांत मादी आधींच कमी खाते. अशा वेळीं खुराक पहांटे व रात्रीं गारव्यांत विभागून द्यावा, आणि पाणी कधींही तुटूं देऊं नये. पाजती मादी दिवसास २० ते ३० लिटर पाणी सहज पिते. पाणी कमी तर खाणें कमी, आणि खाणें कमी तर दूध कमी.

पेंड बदलावयाचीच झाली तर

भाव चढले म्हणजे पेंड बदलावी लागते; तें टाळतां येत नाहीं. परंतु सबंध पेंड एकदम बदलूं नये. तिसरा हिस्सा बदलावा, आणि लायसिनची जी तूट येईल ती निराळी भरून काढावी. बाजारांत लायसिनची भुकटी मिळते. तिच्यांत निव्वळ लायसिन शेंकडा ७८ असतें. आमच्या मिश्रणांत आठ किलो सोयाबीनच्या जागीं आठ किलो भुईमूग घातला तर सुमारें १०४ ग्रॅम लायसिन कमी पडतें. ती तूट १३५ ग्रॅम भुकटीनें भरते. सगळी पेंड बदलून केवळ भुकटीवर भिस्त ठेवली तर काय होईल? लायसिनची फळी उंच होईल, परंतु मग थ्रिओनिनची किंवा मेथिओनिनची फळी आंखूड पडेल आणि पाणी तेथून वाहूं लागेल.

आणखी तीन सूचना. भुईमुगाच्या पेंडीस बुरशी लवकर लागते व तिचें विष गर्भास घातक असतें. कुबट वासाची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. कच्चें सोयाबीन घरचें आहे म्हणून तसेंच दळून घालूं नये. त्यांत प्रथिनाच्या पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें, तें चांगलें भाजल्यावर किंवा शिजविल्यावर नाहींसें होतें. हॉटेलांतील उष्ट्या अन्नावर जे डुकरें पोसतात, त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं त्यांत भात व पोळीच अधिक असल्यानें लायसिन थोडें असतें. शिवाय आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत प्रथम दिसला, त्यावर औषध नाहीं, आणि तो अशा अन्नांतील मांसाच्या अंशांतूनही पसरतो. असें अन्न द्यावयाचेंच तर चांगलें उकळूनच द्यावें.

वहीचें महत्त्व

आम्हीं सोयाबीनची पेंड पुन्हा सुरू केली. राहिलेल्या पांच माद्या पुढील वेतांपासून सावरल्या आणि माजाच्या तारखा पुन्हा आठवड्याच्या आंत आल्या. पेंड बदलून मीं जी रक्कम वांचविली होती, ती एका विकलेल्या मादीच्या व न जन्मलेल्या पिलांच्या किंमतीपुढें कांहींच नव्हती. तो हिशेब मीं त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. आणि पुतण्या अजून मला हिशेब विचारतो, हा त्याचा मोठेपणा आहे.

ज्यांच्याकडे चार जरी माद्या असतील, त्यांनीं वर सांगितलेले रकाने असलेली वही ठेवावी. तिच्यांत आणखी दोन रकाने घालावे : एकविसाव्या दिवशींचें पिलांचें एकूण वजन, आणि खुराकांत केलेला प्रत्येक बदल व त्याची तारीख. दूध तोडल्यापासून माजापर्यंतचे दिवस वाढूं लागले, कीं औषधाच्या दुकानीं जाण्यापूर्वीं खुराकाचें पान उलटून पाहावें. आणि कोणी स्वस्त पेंड दाखवून "प्रथिन तितकेंच आहे" असें म्हणालें, तर त्यास एकच प्रश्न विचारावा : "लायसिन किती?" हा प्रश्न मीं वेळेवर विचारला असता, तर आमच्या वाड्यांत आज सहावी डुकरीणही असती.